विश्लेषण : लाकडी धनुष्याच्या पाठीवर कंडरा का चिकटवतात? सोलापूरच्या हवेशी तिचे नाते काय?

पंढरपूरच्या विठ्ठलाला वारकरी ‘शारंगधर’ म्हणतात. मूळ संस्कृत शब्द ‘शार्ङ्ग’ आणि त्याचा अर्थ शृंगापासून, म्हणजे शिंगापासून केलेले धनुष्य. ते धारण करणारा तो शारंगधर. नुसत्या लाकडाच्या धनुष्यापेक्षा शिंगाचे धनुष्य ही अवघड कारागिरी होती. त्या कारागिरीत शिंगाइतकाच महत्त्वाचा आणखी एक घटक होता, तो म्हणजे जनावराच्या पायातील कंडरा. दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला आजही काही जुन्या घरांत अशी कमान बाहेर निघते. ती उलटी वाकवून मोडण्याचा किंवा ओल्या फडक्याने पुसून बिघडवण्याचा धोका त्याच दिवशी सर्वाधिक असतो. हे तंत्र नेमके काय आहे, ते कुठे टिकते, कुठे बिघडते आणि आज करून पाहायचे तर कोणता कायदा आड येतो, याचा हा आढावा.

कंडरा म्हणजे नेमके काय?

स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तिथे पांढरट, चिवट दोरीसारखा भाग असतो. तीच कंडरा. माणसाच्या टाचेच्या मागे बोटांत पकडता येते ती ताठ दोरी हे तिचे ओळखीचे उदाहरण. जनावराच्या मागच्या पायातील कंडरा लांब असते. वाळल्यावर ती पिवळसर, अर्धपारदर्शक आणि कडक होते. लाकडी मोगरीने ठोकत राहिले की तिचे धागे सुटे होतात आणि हातात सुताच्या गुंडीसारखा झुबका येतो.

इथे शब्दांचा एक घोटाळा होतो. आज मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. जुन्या संस्कृत ग्रंथांत मात्र तो शब्द कंडरेसाठी येतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौटिलीय अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्यांचे चार प्रकार दिले आहेत : ताडाचे कार्मुक, बांबूचे कोदंड, लाकडाचे द्रूण आणि शिंगाचे धनुस्. पुढे धनुष्याच्या दोरीसाठी कोणकोणते धागे चालतात त्याची यादी आहे. त्यात मूर्वा, रुई, ताग यांच्या जोडीला ‘स्नायू’ येतो. तो हाच.

कंडरेची आतड्याशीही गल्लत होते. कापूस किंवा लोकर पिंजण्याच्या धनुकलीला जी ‘तात’ लावत, ती आतड्यापासून केलेली असे. सोलापूर जिल्ह्यात घोंगडी विणणाऱ्या कुटुंबांना ती चांगली ठाऊक आहे. दोन्ही वस्तू प्राणिज आणि चिवट आहेत, पण धनुष्याच्या पाठीवर बसते ती कंडराच.

धनुष्य वाकते तेव्हा लाकडात काय घडते?

ज्वारीच्या कडब्याचे वाळलेले ताट वाकवून पाहिले की ते बहुधा बाहेरच्या बाजूने तडकते. वाकणाऱ्या कोणत्याही वस्तूची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. ट्रकखालच्या कमानपाट्यांचेही तेच. धनुष्यात निशाणाकडची बाजू ताणली जाते. तिला पाठ म्हणतात. तिरंदाजाच्या तोंडाकडची बाजू दाबली जाते, ते पोट.

सरळ रेषांचे, निर्दोष लाकूड ताण बऱ्यापैकी सोसते. पण झाडाचे लाकूड क्वचितच इतके निर्दोष असते. कुठे गाठ असते, कुठे रेषा तिरकी जाते, तर कुठे तासताना रंध्याने तंतू कापला जातो. ताण वाढला की अशाच जागी एक बारीक ढलपी उचलली जाते आणि पुढच्या क्षणी धनुष्य हातात मोडते. पूर्ण ओढलेले धनुष्य मोडले तर त्याचे तुकडे तोंडाच्या दिशेनेही येऊ शकतात. म्हणून कारागिराला सर्वांत मोठी धास्ती पाठीची असते.

यावर एक उपाय म्हणजे चिवट लाकूड निवडणे. सह्याद्रीत वाढणारा धामण त्याच्या लवचीकपणासाठी ओळखला जातो. गाडीच्या दांड्या, अवजारांचे दांडे आणि धनुष्ये यांसाठी तो वापरला जाई. दुसरा उपाय म्हणजे धनुष्य लांब ठेवणे, म्हणजे वाक सगळीकडे वाटला जातो. तिसरा उपाय म्हणजे पाठीवर असा पदार्थ चढवणे, जो लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणला जाऊनही तुटत नाही. लाकूड आपल्या लांबीच्या साधारण एक टक्का ताणले गेले की मोडण्याच्या बेताला येते. कंडरेची मर्यादा त्याच्या कित्येक पट पुढे आहे.

ती चिकटवतात कशी?

सोलापूरकराला ही पद्धत हातमागावरून पटकन कळेल. तिथे ताण्याचे सूत उभे लावतात आणि त्याला खळ देतात. इथे कंडरेचे धागे धनुष्याच्या लांबीच्या दिशेने लावतात आणि त्यांना सरस देतात. फरक इतकाच की इथे बाणा नसतो. आडवे धागे ताण घेऊ शकत नाहीत, म्हणून सगळे धागे उभेच.

सरस म्हणजे कातडी, हाडे, कंडरा उकळून काढलेला डिंक. जुने सुतार तो फर्निचरला वापरत. तो रात्रभर पाण्यात भिजवतात आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. थेट आगीवर उकळला तर त्याची पकड कमी होते. धनुष्याची पाठ आधी खरवडून स्वच्छ करतात. बोटांचे तेल लागले तरी सरस धरत नाही, म्हणून ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून वाळवतात. मग पातळ सरसाचे दोन-तीन हात देतात, म्हणजे लाकूड तो पिऊन घेते.

त्यानंतर धाग्यांचा एकेक झुबका कोमट सरसात बुडवायचा, बोटांनी निथळायचा आणि पाठीवर सपाट बसवायचा. झुबक्यांची टोके एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. भिंतीत विटांचे सांधे जसे एकाआड एक येतात, तशी मांडणी करायची. सांधे एका रेषेत आले की तीच धनुष्याची कमकुवत जागा ठरते. पहिला थर वाळल्यावर दुसरा, गरज असेल तर तिसरा. टोकांना शेवटी धाग्याचे किंवा कंडरेचेच वेढे देतात, म्हणजे थराची कड उचलली जात नाही.

हे मिश्रण इतके एकजीव कसे होते, याचे कारण रसायनात आहे. कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचे प्रथिन आणि सरसही कोलॅजेनपासूनच तयार होतो. धागा आणि डिंक एकाच जातीचे असल्यामुळे वाळल्यावर दोन्हींचा मिळून एकच पदार्थ झाल्यासारखे वागते.

वाळताना धनुष्य उलटे का वळते?

ओली कंडरा वाळताना आखडते. ती पाठीला घट्ट चिकटलेली असल्यामुळे लाकडालाही ओढते आणि धनुष्याची टोके हळूहळू पुढे, म्हणजे निशाणाच्या बाजूला वळतात. दोरी न लावताच कंडरा ताणलेली आणि तिच्याखालचे लाकूड दाबलेले, अशी अवस्था तयार होते. पुढे धनुष्य ओढले की लाकडावरचा आधीचा दाब सुटतो आणि मगच त्यावर ताण येऊ लागतो. त्यामुळे मोडण्याची वेळ लांबते.

उड्डाणपुलाच्या तुळयांत हेच तत्त्व वापरले जाते. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये पोलादी तारा आधी ताणून ठेवतात, म्हणजे काँक्रीट दाबाखाली राहते आणि वाहनांच्या भाराने तडकत नाही. अभियंते त्या तारांना ‘टेंडन’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कंडरा असाच आहे.

या टप्प्यावर घाई केली की सगळे फुकट जाते. वरून कोरडा वाटणारा थर आत आठवडेच्या आठवडे ओलसर असतो. तुर्की पद्धतीच्या पूर्ण जोडधनुष्यांना तर वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ मुरू देत.

प्रत्येक धनुष्याला त्याचा फायदा होतो का?

नाही, आणि इथेच अनेकांचा गैरसमज होतो. कंडरा लाकडापेक्षा वजनाने जड असते. पुरुषभर उंचीच्या लाकडी धनुष्यावर ती चढवली तर धनुष्य मोडण्याचा धोका कमी होतो, पण पात्या जड होतात आणि बाणाला मिळणारा वेग फारसा वाढत नाही. सातपुड्यातील भिल्लांनी बांबूचे धनुष्य आणि बांबूच्याच चिवाटीची दोरी यांवर काम भागवले, त्यामागे हा हिशेब आहे. बांबूची बाहेरची साल मुळातच ताण सोसणाऱ्या तंतूंनी भरलेली असते. तिला वेगळ्या पाठीची गरज नसते.

कंडरेचा खरा उपयोग आखूड धनुष्यात होतो. सर्वसाधारण नियम असा की नुसत्या लाकडाचे धनुष्य बाण जितका मागे ओढायचा त्याच्या दुपटीहून थोडे लांब हवे. २८ इंच ओढायचे तर धनुष्य साडेपाच फुटांच्या आसपास हवे. इतके लांब धनुष्य घोड्यावर अडचणीचे ठरते आणि झुडपांतून शिकार करतानाही. कंडरेमुळे चार-सव्वाचार फुटांचे धनुष्यही तितकेच ओढता येते.

याचे नीट नोंदवले गेलेले उदाहरण अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातले आहे. याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये रानातून बाहेर आला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात राहिला. त्याचे डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून ती लिहून ठेवली. जुनिपरचे आखूड धनुष्य, त्यावर हरणाची कंडरा आणि सामन माशाच्या कातडीचा डिंक अशी त्याची पद्धत होती. कंडरा मऊ करायला तो ती चावत असे. आज जगभर हौसेने अशी धनुष्ये करणारे जी माहिती वापरतात, तिचा मोठा भाग पोप यांच्या १९२३ च्या पुस्तकाशी जाऊन भिडतो.

शिंग कुठून आले?

पाठ कंडरेने सुरक्षित झाली की पुढची अडचण पोटाची. तिथे लाकूड दाबाने चुरते. आशियातील कारागिरांनी पोटाला शिंगाच्या पट्ट्या लावल्या, कारण शिंग दाब उत्तम सोसते. भारतात त्यासाठी म्हशीचे शिंग वापरले जाई. मध्ये लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा, पोटाला शिंग, पाठीला कंडरा. हीच मध्ययुगातील ‘कमान’. फारसीतून आलेला हा शब्द आज मराठीत दारावरच्या बांधकामापुरता उरला आहे. कमान करणारा तो कमानगर.

तिची ताकद किती, याचे उदाहरण तुर्कस्तानातून मिळते. सुलतान तिसरा सलीम याने १७९८ मध्ये सोडलेला बाण सुमारे ८८९ मीटरवर पडल्याची नोंद आहे. भारतात आलेला फ्रेंच प्रवासी बर्निए १६५८ च्या वारसायुद्धाचे वर्णन करताना लिहितो, की बंदूकवाला दोनदा बार काढेपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. तोड्याच्या बंदुका हाती येऊनही कमान दीर्घकाळ टिकली ती या वेगामुळे.

दख्खनमध्ये तिचे काय झाले?

सोलापूर जिल्ह्याने अशा कमानी वापरणारे सैन्य वर्षानुवर्षे जवळून पाहिले. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला मे १६९५ ते ऑक्टोबर १६९९ औरंगजेबाची मुख्य छावणी होती. शेजारचा माचणूरचा किल्ला त्याच काळाची खूण आहे. पुढे ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोला तालुक्यातील खवासपूरला माण नदीच्या अचानक आलेल्या पुराने हीच छावणी बुडवली. बादशहाचा गुडघा त्या रात्री दुखावला आणि तो कायमचा लंगडू लागला.

पाणी हाच सरसाच्या कमानीचाही मोठा शत्रू. सरस पाण्यात विरघळतो. दमट हवेत तो ओलावा ओढून मऊ पडतो, कंडरा सैल होते आणि कमानीचा जोर उतरतो. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की थर सुटूही लागतो. म्हणून या कमानींवर रोगण, रंग किंवा कातडे चढवत आणि त्या म्यानात ठेवत. तरीही पावसाळ्यात त्यांची निगा कठीणच. भारतात पूर्ण पोलादाची धनुष्ये झाली, त्याचे एक कारण हेच सांगितले जाते : ती लाकूड-शिंगाच्या कमानीइतकी चपळ नसतात, पण कोठारात वर्षानुवर्षे ठेवली तरी सरस सुटण्याची भीती नसते.

भूगोलाचा फरक इथे दिसतो. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. सोलापूरला तो साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास. मार्च ते मे इथली हवा कोरडीठाक असते. कंडरेचा थर वाळवायला यापेक्षा चांगले दिवस महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी मिळतील. मात्र मे महिन्यातील कडक ऊन थेट लागले तर वरचा थर आधी आखडतो, आतला ओला राहतो आणि भेगा पडतात. वाळवण सावलीतच हवे. सप्टेंबरचा परतीचा पाऊस सुरू होण्याआधी धनुष्यावर संरक्षक लेप चढलेला असावा.

मग हे तंत्र मागे का पडले?

बंदुका सुधारल्या आणि वर्षभर खपून केलेल्या कमानीला गिऱ्हाईक उरले नाही. कच्छमध्ये कमानगरांनी भिंतीवरची चित्रकला धरली. ती आजही ‘कमानगरी’ याच नावाने ओळखली जाते. धंदा बदलला तरी नाव राहिले.

तत्त्वही राहिले. विसाव्या शतकात कंडरेची जागा काचतंतूंनी आणि नंतर कार्बन तंतूंनी घेतली, तर सरसाची जागा पाणी न लागणाऱ्या इपॉक्सीने. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. त्या प्रकारच्या धनुष्याच्या पात्यांतही उभे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा डिंक हीच जोडी काम करते.

आज करून पाहायचे तर कायदा काय सांगतो?

परदेशी व्हिडिओंत बहुतेक वेळा हरणाची कंडरा दाखवतात. भारतात तो मार्ग बंद आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात काळवीट सहज दिसते आणि ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहे. प्राणी अपघाताने किंवा नैसर्गिकरीत्या मेलेला आढळला तरी त्याचे शिंग, कातडे किंवा कंडरा घरी आणता येत नाही. तो सरकारी मालकीचा ठरतो आणि त्याची खबर वनखात्याला द्यावी लागते.

महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरे तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे परवानाधारक ठिकाणाहून मिळणारी म्हशीची कंडरा हा व्यवहार्य पर्याय उरतो. शेळीमेंढीची कंडराही चालते, पण धागे आखूड असल्याने सांधे वाढतात. प्राणिज पदार्थ नको असेल तर ताग किंवा अंबाडीचे धागे वापरून पाठ करता येते. ते कंडरेइतके ताणले जात नाहीत, पण लाकडाची ढलपी उचलण्यापासून रोखतात.

घरात जुनी कमान असेल तर काय करू नये?

पहिली गोष्ट, तिला दोरी लावू नये. दोरी नसलेली जुनी कमान इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, दोरी या पोकळीच्या बाजूने लावायची. प्रत्यक्षात ती त्याच्या उलट बाजूने लावावी लागते. मुरलेली, वाळलेली कमान चुकीच्या दिशेने ओढली तर शिंग सुटते किंवा गाभा मोडतो. योग्य दिशा माहीत असली तरी शंभर-दोनशे वर्षांच्या सरसावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी, ती ओल्या कापडाने पुसू नये आणि तलवारीसारखे तेल चोळू नये. पाण्याने सरस मऊ होतो आणि तेल शिरलेल्या जागी पुढची डागडुजी धरत नाही. हळदकुंकू वाहायचे तर कमानीखाली कापड घालून कापडावर वाहावे. कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झटकणे एवढे पुरे.

तिसरी, ती माळ्यावर पत्र्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. एका ठिकाणी प्रखर उष्णता, दुसरीकडे ओल. शिवाय वाळलेली कंडरा आणि शिंग किडीला आवडते. सुती कापडात गुंडाळून, आडवी, घराच्या आतल्या कोरड्या खोलीत ती सर्वांत सुरक्षित राहते. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पाठीचा थर उचललेला दिसला तर घरचा डिंक न लावता वस्तुसंग्रहालयातील जतनतज्ज्ञाला दाखवावी. सरसाचा जोड योग्य हातांनी पुन्हा मऊ करून बसवता येतो. इपॉक्सी लावली की ती वाट बंद होते.